आजी ‘पडल्या’ की ‘पडून होत्या’? जपानी भूतकाळाची एक मराठी किल्ली

रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी लखनौमधल्या आमच्या घरी ओटा आवरून नुकती टेकले होते, तेवढ्यात नागपूरहून मामेबहिणीचा फोन आला. “ताई, तू सांगितलं तसंच लिहिलं ना गं, आणि सरांनी अख्ख्या वाक्यावर लाल रेघ मारली!”

ती नर्सिंग शिकली आहे आणि सध्या जपानला जाण्याची तयारी करते आहे. जपानने एप्रिल २०१९ मध्ये परदेशी कामगारांसाठी ‘तोकुतेई गिनो’ नावाचा नवा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानमध्ये त्याबाबत करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, म्हणजे ‘काइगो’, हे त्यातलं एक क्षेत्र. त्यासाठी कामाच्या परीक्षेबरोबर जपानी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. मी इंग्रजीत बीए केलंय आणि हौस म्हणून थोडं जपानी शिकलेय, त्यामुळे घरातली ‘जपानी मास्तरीण’ मीच.

प्रश्न साधा होता. रात्रपाळीत तुम्ही खोलीत गेलात, तर आजी जमिनीवर पडलेल्या दिसल्या. नोंदवहीत एक वाक्य लिहा.

तिने लिहिलं, ‘ताओरेमाशिता’. म्हणजे ‘पडल्या’. बरोबर उत्तर होतं ‘ताओरेते इमाशिता’. तिने ते टाळलं, कारण मीच तिला सूत्र दिलं होतं: ‘ते इमाशिता’ म्हणजे इंग्रजीतलं ‘वॉज’ अधिक ‘आयएनजी’. तिने विचार केला, आजी काही ‘पडत’ नव्हत्या, पडून झालं होतं. तिचा विचार बरोबर होता. सूत्र माझं चुकलं होतं.

हा फरक एका मार्कापुरता नाही. ‘पडल्या’ असं वाचलं की सकाळच्या पाळीवरची नर्स विचारणार, कशा पडल्या? डोकं आपटलं का? म्हणजे पडताना कोणीतरी पाहिलं, असं तिला वाटणार. ‘ताओरेते इमाशिता’ वाचलं की तिला कळतं: मी गेले तेव्हा त्या आधीच पडलेल्या होत्या. कधी पडल्या, किती वेळ तशाच होत्या, डोक्याला लागलं का, हे कोणी पाहिलेलं नाही. मग आजींची तपासणीही त्याच बेताने होते.

आपल्या घरातच होतं की!

त्या रात्री मला झोप येईना. आमच्याकडे दार वाजवून कोणी बाबांना विचारलं आणि ते आत झोपलेले असले, की नंतर शेजारच्या काकू म्हणतात, “सो रहे थे.” आई मात्र म्हणते, “झोपले होते.” इंग्रजीही काकूंच्याच बाजूची. मराठी काय करते? झोपण्याची क्रिया घडून गेली आणि ती अवस्था चालू राहिली, असं मानते. जपानीत हेच ‘नेते इमाशिता’.

याहून जवळचा धागाही आहे. जपानी क्रियापदाचं ‘ते’ रूप बरंचसं आपल्या ‘ऊन’सारखं वागतं. ‘शिते मिरु’ म्हणजे ‘करून बघणे’, आणि ‘मिरु’ म्हणजे खरोखरच बघणे. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे ‘खाऊन टाकलं’. आता ‘इरु’ म्हणजे असणे, ‘इता’ म्हणजे होता, आणि ‘इमाशिता’ हे त्याचंच आदराने बोलायचं रूप. मग ‘सुवात्ते इमाशिता’चं शब्दशः मराठी काय होईल? ‘बसून होते’!

हे आपण रोज बोलतो. आजोबा ओट्यावर बसून होते. आई दाराकडे डोळे लावून होती. काका महिनाभर अंथरुणाला खिळून होते. जपानी आणि मराठीतल्या अशा साम्यांवर प्रशांत परदेशी यांच्यासारख्या मराठी भाषातज्ज्ञांनी जपानमध्ये राहून काम केलं आहे. मला मात्र ते आईच्या बोलण्यातून सापडायला एवढी वर्षं लागली, याची जरा लाजच वाटली.

पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘जेवून होते’ असं आपण म्हणत नाही, ‘जेवत होते’ म्हणतो. जपानी मात्र दोन्हीकडे एकच रूप वापरते. ‘ताबेते इमाशिता’ म्हणजे जेवत होते, ‘ताओरेते इमाशिता’ म्हणजे पडलेले होते. कुठे काय, ते क्रियापदाच्या स्वभावावर ठरतं. जेवणं, लिहिणं ही कामं काही वेळ चालतात. पडणं, मरणं, दिवा लागणं हे क्षणात होतं आणि मागे अवस्था उरते. किंदाइची हारुहिको या जपानी व्याकरणकारांनी १९५० मध्ये याच कसोटीवर क्रियापदांचे चार गट पाडले होते. गंमत म्हणजे आपलं ‘पडणे’ दोन्हीकडे जातं. पाऊस ‘पडत होता’, आजी ‘पडलेल्या होत्या’. जपानीत पावसाचं क्रियापदच वेगळं: ‘आमे गा फुत्ते इमाशिता’.

सगळ्यात फसवं म्हणजे ‘येणे’. ‘किते इमाशिता’ ऐकून ‘येत होते’ समजू नका, ‘आलेले होते’ समजा. अंगात कपडे घालण्याचं क्रियापदही याच रूपात ‘किते इमाशिता’च होतं, फक्त आवाजाचा चढउतार वेगळा. भरभर बोलताना मधला ‘इ’ गळतो आणि ‘नेते इता’चं ‘नेतेता’ होतं. त्यामुळे ऐकण्याच्या परीक्षेत भलेभले गडबडतात.

औषधाची नोंद

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन करून आधी माफी मागितली. मग तिनेच पुढचा प्रश्न काढला. आजींनी औषध घेतलं नाही, हे कसं लिहायचं? ‘नोमिमासेन देशिता’ म्हटलं तर ‘घेतलं नाही’, वेळ गेली, विषय संपला. ‘नोन्दे इमासेन देशिता’ म्हटलं तर ‘तोवर घेतलेलं नव्हतं’, म्हणजे पुढच्या पाळीने लक्ष द्यायचं आहे. या वेळी तिला सूत्र लागलंच नाही. ‘घेतलं नाही’ आणि ‘घेतलेलं नव्हतं’ असं मराठीत दोनदा पुटपुटली आणि बरोबर लिहून मोकळी झाली.

हल्ली ती सरावासाठी रोज एक खोटी नोंद लिहून मला फोटो पाठवते. परवाची अशी होती: खोलीत गेले तेव्हा खिडकी उघडी होती, दिवा लागलेला होता, आजी पलंगावर बसून होत्या. तिन्ही वाक्यं ‘ते इमाशिता’त, एकही चूक नाही. खाली तिने मराठीत लिहिलं होतं, “रात्री अकराला फोन केला होता. ताई नेते इमाशिता.”