शहरातील कोल्हा आणि छायाचित्रकाराची जबाबदारी

‘कोल्हेकुई’ म्हटले की गावाबाहेरचे माळरान डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मात्र ती महानगरांतही ऐकू येते. मुंबईत ठाणे खाडीकाठची कांदळवने, दिल्लीतील रिज अरण्य आणि कोलकात्यातील टॉलीगंज परिसरातील गोल्फची मैदाने येथे सोनेरी कोल्हा आजही टिकून आहे. खेकडे, मासे, उंदीर, फळे आणि प्रसंगी माणसाने टाकलेले अन्न, असे जे मिळेल त्यावर तो निर्वाह करतो. डिजिटल कॅमेरे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यापासून त्याची छायाचित्रे टिपणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. शहरी वन्यजीवनाची नोंद होणे स्वागतार्हच आहे; परंतु त्याची किंमत त्या प्राण्याला मोजावी लागू नये.

माघारीस जागा नाही

घनदाट अरण्यातील प्राणी माणसाची चाहूल लागताच आत सरकतो. शहरातील कोल्ह्याला ही मुभा नसते. त्याच्या एका बाजूस खाडी, तर दुसऱ्या बाजूस रस्ता व वस्ती असते. पाठलागामुळे तो बिथरला, तर वाहनाखाली सापडण्याचा किंवा भटक्या कुत्र्यांच्या तावडीत जाण्याचा धोका संभवतो. म्हणूनच शहरात छायाचित्रकाराने अरण्यापेक्षाही अधिक संयम पाळणे आवश्यक ठरते.

आमिष म्हणजे शिकार

जवळून छायाचित्र मिळावे म्हणून मांसाचे तुकडे टाकणे हा सर्वांत घातक प्रकार होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हुसकावणे व आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. शिवाय टाकलेल्या अन्नावर कुत्रे आणि कोल्हे एकत्र येतात व रोगप्रसाराचा मार्ग खुला होतो. 2024 मध्ये मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे परिसरातील कोल्ह्यांत रेबीजची लागण झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले होते. माणसाच्या हातच्या अन्नाला सरावलेला कोल्हा वस्तीत शिरू लागतो, रहिवासी भयभीत होतात आणि त्याला पकडून नेण्याची मागणी पुढे येते. छायाचित्रकार तोवर निघून गेलेला असतो. परिणाम भोगावे लागतात ते कोल्ह्याला.

योग्य पद्धती

कोल्हा पहाटे व सायंकाळी अधिक सक्रिय असतो. त्याच्या जाण्यायेण्याची वाट काही दिवस दुरून न्याहाळावी आणि वाऱ्याची दिशा पाहून, आपला गंध त्याच्याकडे जाणार नाही अशा ठिकाणी आधीच जाऊन स्थिर बसावे. त्याच्या मागे जाण्याऐवजी त्याला आपल्या वाटेने येऊ द्यावे. 400 मिलिमीटर वा त्याहून अधिक नाभीय अंतराचे भिंग वापरल्यास पुरेसे अंतर राखता येते. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवावा. कोल्ह्याच्या डोळ्यांत अंधुक प्रकाशाचाही उपयोग करून घेणारा परावर्तक थर असतो. अशा डोळ्यांवर अंधारात फ्लॅशचा झोत टाकू नये. ध्वनिमुद्रित कोल्हेकुई वाजवून त्याला बोलावणेही वर्ज्य मानावे.

पिल्ले असलेल्या बिळाजवळ मुळीच थांबू नये. तेथील वावरामुळे मादी पिल्ले अन्यत्र हलवू शकते आणि शहरात दुसरी सुरक्षित जागा सहजासहजी मिळत नाही. छायाचित्र प्रसिद्ध करतानाही नेमके ठिकाण उघड करू नये. चित्रासोबत नोंदली जाणारी स्थळविषयक माहिती काढून टाकावी.

अभयारण्यात, तसेच वनक्षेत्र म्हणून अधिसूचित कांदळवनात जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. अभयारण्यातील छायाचित्रणामुळे अधिवासात बदल किंवा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होता कामा नये, असे 2022 च्या सुधारणेने कायद्यातच स्पष्ट केले आहे. जखमी अथवा आजारी कोल्हा दिसल्यास त्याच्या जवळ न जाता वन विभागास कळवावे.

खरी कसोटी

आपण फार जवळ आलो आहोत, हे कोल्हा स्वतःच सांगतो. तो खाणे थांबवतो, कान टवकारून एकटक पाहतो किंवा वाट बदलतो. यांपैकी एकही लक्षण दिसताच कॅमेरा खाली ठेवून सावकाश मागे सरावे. त्या दिवशीचे छायाचित्र हुकेल. परंतु ती वाट कोल्ह्यासाठी सुरक्षित राहील. आपण तेथे नसतो तर कोल्हा जसा वागला असता, तसाच तो ज्यात दिसतो, तेच छायाचित्र शहरी निसर्गाची विश्वासार्ह नोंद ठरते.