शेतात गुडघाभर पाणी, तरी पीक तहानलेलं! हे नेमकं काय होतं?

नागपूरच्या दक्षिणेला बेसा-पिपळा रस्त्यानं जाताना पावसाळ्यात एक गोष्ट दिसते. एका बाजूला नवे लेआउट, दुसऱ्या बाजूला उरलीसुरली शेती. आठवडाभर झड लागली की शेतातल्या खोलगट भागातलं पीक पिवळं पडतं. कडेचं, उंचावरचं पीक मात्र हिरवंगार. पाऊस तोच, बियाणं तेच, मग फरक कुठे पडला?

याचं उत्तर आपल्या भाषेतल्या एका शब्दात आहे: वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही असतात, ती अवस्था म्हणजे वाफसा. पाणी साचलं की हवेची जागा पाणी घेतं. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10 हजार पट हळू पसरतो. जमिनीत उरलेला ऑक्सिजन मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

हो, मुळंही श्वास घेतात. ऑक्सिजन असला तर साखरेच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेची तीसहून जास्त एककं मिळतात. नसला तर फक्त दोन. एवढ्याशा ऊर्जेवर मुळांना पाणी आणि अन्नद्रव्यं ओढता येत नाहीत, म्हणून चहूबाजूंनी पाणी असूनही झाड सुकतं.

काळ्या मातीत त्रास जास्त का?

नागपूर भागातली भारी काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात त्याच भेगा घट्ट बंद! मग पाणी खाली मुरत नाही. अशी सतत ओली राहणारी जमीन म्हणजे चिबड जमीन. शेजारी उंच भराव टाकला गेला आणि जुना उतार अडला, तर चांगली जमीनही चिबडू शकते. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तेव्हा शहराची दैना सगळ्यांनी पाहिली. शेताचं नुकसान मात्र चार-आठ दिवसांनी दिसू लागतं.

युरिया टाकायची घाई

पीक पिवळं दिसलं की पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. निदान अर्धं बरोबर आहे, कारण नत्र खरंच कमी झालेलं असतं. ऑक्सिजन संपल्यावर जमिनीतले काही जिवाणू नायट्रेट वापरतात आणि त्याचा वायू होऊन ते उडून जातं. पण पाणी उभं असताना टाकलेल्या युरियाचाही बराच भाग वाया जातो, आणि गुदमरलेली मुळं उरलेला घेऊ शकत नाहीत. म्हणजे पोतं गेलं, पैसे गेले, पीक पिवळंच. आधी पाणी काढायचं, वाफसा येऊ द्यायचा, मग खत.

वेळही महत्त्वाची. मक्याचा वाढीचा कोंब साधारण सहा पानं येईपर्यंत जमिनीखालीच असतो. त्या वयात दोन-चार दिवस पाणी तुंबलं तर रोप उठतच नाही. ज्वारी मक्यापेक्षा थोडी चिवट, पण कणसात दाणा भरताना पाऊस लांबला तर दाणे बुरशीनं काळे पडतात. गहू रब्बीतला, त्याला पावसाचा धोका कमी. पण भारी जमिनीत गरजेपेक्षा जास्त ओलीत केलं तर तोही पिवळा पडतो.

मग धान कसा तगतो?

भंडारा-गोंदियात बांधीत मुद्दाम पाणी साठवतात! धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून आलेली हवा त्यातून थेट मुळांपर्यंत जाते. पण पूर्ण बुडाला तर धानही फार दिवस टिकत नाही. ओडिशाच्या एका जुन्या वाणात मात्र बुडाल्यावर वाढ थांबवून ऊर्जा वाचवणारं जनुक सापडलं. त्यापासून तयार झालेला स्वर्णा-सब1 हा वाण भारतात 2009 मध्ये आला. तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो.

ज्वारी-मक्याला ही सोय नाही. तिथे उपाय पेरणीपासूनच सुरू होतो: रुंद वरंबा आणि बाजूला सरी, म्हणजे पीक उंचावर आणि पाणी सरीतून बाहेर. सपाट पेरणी झाली असेल तर डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडता येतात. खर्च जवळपास शून्य. फक्त सरीचं तोंड उताराकडे उघडं हवं आणि पुढचा नाला बुजलेला नको. बेसासारख्या ठिकाणी तो नाला बहुतेकदा शेतकऱ्याच्या धुऱ्याबाहेर असतो.