लिनक्सवर ‘संत्रा’ लिहिताना

नरखेड तालुक्यात बागेचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचा, तर ‘संत्रा’ मराठीत उमटायलाच हवा. जुन्या मशीनवर उबुंटू लिनक्स टाकलं की पहिलं काम हेच.

लिनक्समध्ये प्रोग्रामसाठी वेबसाइटी धुंडाळत बसायचं नसतं. बहुतेक सगळं एका भांडारातून येतं, लागणारे सुटे भागही सोबत घेऊन. टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट अपडेट’ दिलं की भांडाराची यादी ताजी होते. मग मराठी टाइप करायची सोय आणायला ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन’. (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत द्यायची.) ‘सुडो’ पासवर्ड मागतो; तो टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा साधा ठिपकाही दिसत नाही, पहिल्यांदा मला वाटलं, कीबोर्डच गेला! घरी नेट नसेल तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग सुरू करावं, बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

मग लॉगआउट करून परत या, सेटिंग्जमधल्या कीबोर्डात मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी जोडा. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. आता ओळीने एम, एक्स, एल, डी, जे, ई दाबा: संत्रा! यातली डी म्हणजे हलन्त, ‘त’ला ‘र’ जोडणारी. विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेल्याची बोटं इथेही तशीच चालतात.