उपचौकट, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या कायेला खालून बोल्टांनी जोडलेली धातूची स्वतंत्र चौकट. एकसंध कायेच्या अनेक गाड्यांत पुढील उपचौकटीवर निलंबनाच्या खालच्या भुजा व सुकाणूची दंतपट्टी बसविलेली असते. पुष्कळदा एंजिनाचा काही भारही ती पेलते. ॲलेक इसिगोनिस यांनी अभिकल्पिलेल्या मिनी या ब्रिटिश गाडीत (१९५९) पुढे व मागे अशा दोन उपचौकटी होत्या.

क्लच, दंतचक्रपेटी इत्यादींच्या दुरुस्तीसाठी उपचौकट उतरवावी लागते. बोल्टांची छिद्रे बोल्टांपेक्षा किंचित मोठी असल्याने ती परत बसविताना काही मिमी. सरकू शकते. मॅकफर्सन निलंबनात दांडाचे वरचे टोक कायेला, तर खालचे टोक भुजेमार्फत उपचौकटीला जोडलेले असते. त्यामुळे उपचौकट आडवी सरकल्यास त्या बाजूच्या चाकाचा माथा आत व दुसऱ्याचा बाहेर कलतो. दांडाच्या दोन टोकांतील उभे अंतर ६०० मिमी. असेल, तर ५ मिमी. सरकण्याने प्रत्येक चाकाचा कल सु. ०.५° बदलतो व दोहोंत सु. १° चा फरक पडतो. परिणामी गाडी एका बाजूस ओढली जाते व टायर विषम झिजतात. उपचौकट तिरपी बसल्यास एक चाक दुसऱ्याच्या मागे राहते.

उपचौकट उतरविण्यापूर्वी एंजिनाला वरून आधार देतात, सुकाणूचक्र सरळ स्थितीत अडकवून ठेवतात व उपचौकटीची जागा कायेवर रेखून घेतात. परत बसविताना सर्व बोल्ट प्रथम हातानेच लावतात. संरेखन छिद्रे असल्यास त्यांत योग्य मापाच्या खुंट्या घालतात. नसल्यास कायेवरील सममित बिंदूंपासून उपचौकटीपर्यंतचे कर्ण मोजून ते समान करतात. नंतर बोल्ट टप्प्याटप्प्याने, निर्मात्याने दिलेल्या परिबलाइतके आवळतात. एकदा ताणलेले बोल्ट पुन्हा न वापरण्याची सूचना असल्यास नवे घालतात. भुजांच्या रबरी धारव्यांचे बोल्ट सामान्यतः गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के करतात. अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते.

शेवटी चारही चाकांचे संरेखन तपासतात. सुकाणूच्या जोडदांड्यांची लांबी बदलून चाकांची दिशा जुळविता येते; मात्र उपचौकटीच्या चुकीमुळे चाकांच्या कलात पडलेला फरक त्याने नाहीसा होत नाही. अशा वेळी बोल्ट सैल करून उपचौकटच पुन्हा मध्यावर आणावी लागते.