चीनमधील प्रवेशपरीक्षा व इंग्रजी वाचनाचा सराव

चीनमध्ये उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या 'गाओकाओ' या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेचे १९७७ साली पुनरुज्जीवन झाले. तिच्या प्रचलित राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ५० गुण वाचनाकरिता असतात. त्यांतील चार उताऱ्यांवरील १५ बहुपर्यायी प्रश्नांची तयारी पुष्कळदा प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकण्यापुरतीच सीमित राहते. अशा सरावाने शब्द सापडतो. विचार सापडेलच असे नाही.

हा भेद 'सातांतून पाच' या प्रश्नप्रकारात स्पष्ट होतो. उताऱ्यातील पाच रिकाम्या जागी सात वाक्यांतून योग्य ती योजावयाची असतात. दोन शिल्लक उरतात. येथे निर्णय मुख्यत्वे सर्वनामे, उभयान्वयी अव्यये व पुनरुक्त शब्द यांच्या आधारे करावा लागतो. चिनी भाषेत संदर्भाने कळणारे सर्वनाम पुष्कळदा गाळले जाते, तसेच विशेषणवाक्य नामापूर्वी येते. इंग्रजीत सर्वनाम सामान्यतः आवश्यक असते, आणि विशेषणवाक्य नामानंतर येते. म्हणून प्रत्येक सर्वनाम कोणाचा निर्देश करते हे ठरविणे आणि त्याज्य वाक्य त्याज्य का, हे सकारण सांगणे, हाच खरा सराव होय. उत्तरतालिकेवरून गुण मोजता येतात. आकलनाची कसोटी मात्र या कारणमीमांसेतच लागते.