नकाशातला पाऊस, घाटातला पाऊस

जुलैत जिल्ह्याच्या पावसाचा रंगीत नकाशा छापून आला की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: आमच्या गावात पर्जन्यमापकच नाही, मग गावावर हा रंग आला कुठून?

तो गणिताने भरलेला असतो. पाऊस मोजायचा मोजक्या ठिकाणी, मधले सगळे चौकोन अंदाजाने रंगवायचे. अमेरिकी हवामान खात्यातल्या आल्फ्रेड थिसन यांनी 1911 मध्ये सरळ तोडगा काढला: जे केंद्र सर्वांत जवळ, त्याचाच पाऊस आपला. 1968 मध्ये हार्वर्डमधला विद्यार्थी डोनाल्ड शेपर्ड याने सगळ्याच केंद्रांना मताचा हक्क दिला. जवळच्याचं वजन जास्त, लांबच्याचं कमी.

ही रीत आपल्याकडे, कोल्हापूर जिल्ह्यात लावून बघा. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, पूर्वेकडच्या शिरोळला पाचशेच्या. कोल्हापूर शहर साधारण मध्यावर. ही दोनच केंद्रं धरली तर सूत्र शहराला दोन हजारांहून जास्त मिलिमीटर देतं. प्रत्यक्षात पडतो हजाराच्या आसपास! ढगांचा हिशेब अंतराचा नाही, सह्याद्रीचा आहे. घाट चढताना ते रिते होतात आणि पूर्वेला पाऊस झपाट्याने आटतो. केंद्रं वाढवली की चूक घटते, पण एक खोट उरतेच: भारित सरासरी मोजलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊच शकत नाही. सर्वांत जास्त पावसाच्या डोंगरावर मापक नसेल, तर तिथला पाऊस नकाशात येत नाही, पंचगंगा नदीत मात्र येतो. स्प्लाइन ही आणखी एक रीत सगळ्या नोंदींमधून एक गुळगुळीत पृष्ठभाग ताणून बसवते; तो मोजलेल्या कमाल आकड्याच्या वर जातो खरा, पण कधी शून्याखालीही उतरतो.

माझी आवडती रीत क्रिगिंग. डॅनी क्रिग हे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचे अभियंते. त्यांच्या 1951 च्या कामाला फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी गणिताची बैठक दिली. अंतर वाढेल तसा दोन नोंदींतला फरक कसा वाढतो, हे इथे आधी नोंदींवरूनच ठरवतात. उंचीही हिशेबात घेता येते. शिवाय अंदाज कुठे किती डळमळीत, याचा वेगळा नकाशा मिळतो. हवामानासाठी जवळजवळ हेच गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव गांदिन यांनी 1963 च्या पुस्तकात स्वतंत्रपणे मांडलं. पावसाच्या नकाशांबद्दल बोलताना तरी त्यांचं नाव आधी यायला हवं!

तरीही केंद्रं विरळ असतील तर क्रिगिंगही चकतं. कोणतीही रीत पारखायची तर एकेक केंद्र झाकावं, उरलेल्यांवरून त्याचा पाऊस काढावा आणि खऱ्या नोंदीशी ताडून बघावा. गगनबावडा झाकल्यावर किती चूक आली, तो आकडा प्रत्येक रंगीत नकाशाखाली छापलाच पाहिजे.