विज्ञानाच्या तासाला इंटरनेट : पुस्तकातलं मँगनीज चिखल्यापर्यंत कसं आणायचं?

चिखला (ता. तुमसर) : आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कोरड्या विद्युत घटाचा भाग आहे. कोरडा विद्युत घट म्हणजे आपला टॉर्चचा सेल. मधल्या कार्बनच्या कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइड असतं, हे पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुण घेतात. मात्र मँगनीज चिखल्याच्या भुयारी खाणीतूनच निघतं आणि गावातल्या कित्येक घरांचा पगार त्यावर चालतो, हे त्या धड्यात येणार नाही. पुस्तक अख्ख्या राज्यासाठी एकच छापलं जातं, त्यात प्रत्येक गाव कसं मावेल? ही जागा शिक्षकालाच भरावी लागते, आणि त्यासाठी इंटरनेट चांगलं कामी येतं. अट एकच. व्हिडिओ लावून गुरुजींनी बाजूला बसायचं नाही.

आता हाच धडा घेऊ. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो आणि त्यात मँगनीजवर नोंद आहे. भाषा जड आहे, म्हणून पोरांना ती जशीच्या तशी वाचायला देऊ नये. सरांनी किंवा मॅडमनी आधी वाचून आपल्या शब्दांत सांगावी. विश्वकोशाचे खंड जुने आहेत, त्यामुळे उत्पादनाचे आकडेही जुनेच. नवे आकडे मॉइल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक का पडला असेल, ते वर्गाला विचारा. माहितीवर तारीख बघायची सवय अशीच लागते.

मॉइलच्या संकेतस्थळावर आणखी एक गोष्ट कळते. सेलसाठी लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडसाठी आपल्याच जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची उघडी खाण ओळखली जाते. एकूण मँगनीजचा मोठा वापर मात्र पोलाद बनवण्यात होतो. म्हणजे ‘आपल्या गावच्या दगडापासून सेल बनतो’ असं सरसकट सांगणं बरोबर नाही. इतिहासाच्या तासालाही हे पान चालेल. 1896 मध्ये इंग्रजांच्या काळात या भागात मँगनीज शोधणारी कंपनी उभी राहिली, 1962 मध्ये मॉइल स्थापन झाली आणि 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली.

भूगोलासाठी तर इथं खजिनाच आहे. मँगनीजच्या पट्ट्यात सापडणाऱ्या एका खडकाला भूशास्त्रात ‘गोंडाइट’ म्हणतात. हे नाव गोंड समाजावरून पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने ते दिलं आणि आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते आहे. वर्गात गोंड घरातलं लेकरू बसलेलं असेल, तर ही दोन वाक्यं त्याला काय वाटतील, याचा विचार करा.

सेल फोडून दाखवायचा असेल तर जुना, साधा, मोठा सेल घ्यावा. तो शिक्षकांनीच हातमोजे घालून फोडावा. अल्कलाइन सेल आणि मोबाइलची बॅटरी कधीच फोडू नये. ‘घरी करून पाहा’ सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील, पण ही सूचना त्या सगळ्यांत असेलच असं नाही.

नेटवर्कचं काय?

तासाच्या वेळी रेंज येईल या भरवशावर धडा ठेवूच नये. जिथं रेंज चांगली आहे तिथून आदल्या दिवशी उतरवून घ्यावं. 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपवरचं साहित्य मोबाइलमध्ये साठवता येतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य तिथंच उघडतं. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचायला देतं. एकदा उतरवला की शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतो. लहान वर्गांसाठी स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत. ती छापून वाटायलाही परवानगी आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवायची असतील, तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर साहित्य आहे.

क्यूआर कोडची गोष्टही आपल्यासारख्याच गावातली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना हे कोड जोडले. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून पुस्तकंही त्यांनी त्या भाषेत नेली. 2017 मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं आणि 2020 मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. कौतुक कोडचं झालं, पण खरी मेहनत आधीची आहे : समोरच्या पोराला नेमकं काय कळत नाही, हे ओळखण्याची.

शिक्षकांचे ब्लॉग : उपयोगी, पण तपासून

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले. त्यांची सोय मोठी आहे, यात शंका नाही. फॉर्म, प्रश्नपत्रिका, कविता, शासन निर्णय सगळं एका जागी मिळतं. पण खरं सांगायचं तर यातले बरेच ब्लॉग शिक्षकांच्या कागदपत्रांसाठी आहेत, पोरांच्या शिकण्यासाठी कमी. एकाचा मजकूर दुसऱ्याने उचललेला असतो, मग चूकही तशीच पुढं जाते. शासन निर्णय असेल तर त्यावरचा संकेतांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर पडताळावा. धड्याचं साहित्य असेल तर ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि पुस्तकाशी जुळतं का, एवढं पाहावं. तयार उत्तरांची पानं वर्गात आणूच नयेत. ती पोरं घरी शोधतातच.

याहून मोठा फायदा पोरांनी स्वतः लिहिण्यात आहे. शाळेचा ब्लॉग गुगलच्या ब्लॉगरवर फुकट निघतो. टायपिंग येत नसेल तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहिता येतं, मग शुद्धलेखन वर्गात सगळ्यांनी मिळून तपासायचं. विषय गावातच पडले आहेत. खाणीत काम केलेल्या आजोबांना चार प्रश्न विचारणं. घरात कामाच्या हत्यारांना काय म्हणतात, त्या शब्दांची यादी. तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेची माहिती. ‘माझा आवडता प्राणी’ निबंध गाइडमधून उतरवता येतो, पण आजोबांचं उत्तर कोणत्या गाइडमध्ये मिळणार?

मात्र काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पोराचा फोटो, पूर्ण नाव, पत्ता किंवा पालकाचा नंबर ब्लॉगवर टाकू नये. नुसतं पहिलं नाव आणि इयत्ता पुरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. आजोबांनाही छापण्याआधी वाचून दाखवावं. खाणीतल्या अपघाताची, नोकरीची एखादी गोष्ट त्यांनी नातवाला सांगितलेली असते, गावाला नाही.

ब्लॉगचं खातं एका शिक्षकाच्या नावाने काढू नये. सरांची बदली झाली की पासवर्ड सोबत जातो आणि पोरांचं लिखाण तिथंच थांबतं. खातं शाळेच्या ई-मेलवर काढावं आणि पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. चार्ज देताना ते पाकीटही यादीत धरावं.